धातूंतील आंतरिक घर्षण : एका गृहीतकाचा इतिहास

सूक्ष्म उपकरणांस जमिनीच्या कंपांपासून अलिप्त ठेवण्यासाठी ती धातूच्या स्प्रिंगवर अथवा तारेवर टांगतात. अशा स्प्रिंगला दिलेली ऊर्जा पूर्णपणे परत मिळत नाही. प्रत्येक आंदोलनागणिक तिचा काही अंश उष्णतेत रूपांतरित होतो. हा क्षय कोणत्या नियमाने होतो, ह्या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

१७८४ मध्ये कूलोंब ह्याने तारांना पीळ देऊन प्रयोग केले. आंदोलने मंदावण्यास केवळ हवेचा रोध कारण नसून तारेची स्थितिस्थापकताच अपूर्ण असते, असे त्याने प्रतिपादिले. १८६५ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) ह्याने ह्या गुणास धातूंची ‘श्यानता’ म्हटले. नाव द्रवांचे, परंतु वर्तन द्रवांसारखे नव्हे, हे त्याच्याच मापनांत दिसून आले. सतत आंदोलित ठेविलेली तार विश्रांती दिलेल्या तारेपेक्षा लवकर थांबते, असेही त्यास आढळले.

१९२७ मध्ये किंबल व लव्हेल ह्यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या फिरत्या दांड्या तपासल्या. गती वाढविली तरी दर फेऱ्यामागील क्षय जवळजवळ तेवढाच राहिला. द्रवांच्या नियमाप्रमाणे तो गतीच्या प्रमाणात वाढावयास हवा होता. तथापि जुन्या नियमाचे समीकरण सोडविण्यास सुलभ, म्हणून तेच रूढ राहिले.

ह्या सोयीची किंमत पुढे उघड झाली. जेथे ऊर्जाक्षय आहे तेथे उष्णताजन्य थरथरही असते, हा सिद्धांत कॅलन व वेल्टन ह्यांनी १९५१ मध्ये मांडला. त्यामुळे क्षयाचा नियम चुकीचा धरल्यास कोणत्या कंप्रतेस किती थरथर होईल, हा हिशेबही चुकतो. पीटर सॉल्सन ह्याने १९९० मध्ये गुरुत्वतरंगांच्या शोधाच्या संदर्भात हे सविस्तर दाखविले. लायगोच्या आरंभीच्या उपकरणांत आरसे पोलादी तारांवर टांगलेले होते; सुधारित उपकरणांत, ज्यांनी २०१५ मध्ये पहिला गुरुत्वतरंग टिपला, ४० किलोग्रॅमचे आरसे अत्यल्प क्षयाच्या वितळविलेल्या सिलिकेच्या तंतूंवर टांगले गेले. धातूच्या पट्ट्या वरच्या टप्प्यांतच राहिल्या.

हिंगोली जिल्ह्यातील नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेस २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडील संशोधकांसही निकटचा झाला आहे. प्रयोगाने बाद ठरविलेले गृहीतक केवळ गणिताच्या सोयीसाठी किती काळ टिकून राहू शकते, हाच ह्या इतिहासाचा बोध होय.