वाद्याची जुळणी आणि तिचें जतन

वाद्य जुळविणें ही एक कला. जुळलेलें वाद्य जुळलेलेंच राखणें ही दुसरी, आणि ती अधिक अवघड. अमरावती जिल्ह्यांतील तिवसा तालुक्याला हें निराळें सांगावयास नको. याच तालुक्यांत मोझरी येथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि त्यांच्या खंजिरी भजनांचा नाद वऱ्हाडांत गांवोगांवीं पोंचला. खंजिरीचें कातडें पावसाळी हवेंत सैल पडतें. तें शेकून पुन्हां ताणावें लागतें. कालचा नाद आज आपोआप हातीं येत नाहीं. तो वादकाच्या बोटांत व कानांत सांठविलेला असतो, आणि वादकाबरोबरच जातो.

पंडित भातखंडे यांनीं स्वरलेखनाची पद्धति रूढ केली, तेव्हां चिजांचे स्वर कागदावर टिकले. नादाचा पोत मात्र कागदावर उतरला नाहीं. तंबोऱ्याच्या घोडीवर जीव नेमका किती सरकवावा, हें स्वरलिपी सांगत नाहीं.

हा पोतच टिपून ठेवण्याचा उद्योग यंत्रवाद्यांनीं आरंभिला. ज्या सालीं गुरुकुंज उभें राहिलें, त्याच १९३५ सालीं अमेरिकेंत लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारांत आला. त्याच्या डाव्या टोकाला उलट रंगांच्या कांहीं पट्ट्या होत्या. त्यांतील एक दाबली कीं आगाऊ ठरविलेली नादाची जुळणी तत्काळ हजर होई. ती बदलावयाची तर आंतल्या तारा पेचकसानें हलवाव्या लागत. पुढें १९७० सालीं मिनीमूग हें सिंथेसायझर वाद्य आलें. त्यांत तऱ्हतऱ्हेचे नाद निर्माण होत, परंतु स्मृति अजिबात नव्हती. वादक प्रत्येक खुंटीचें स्थान कागदावर रेखून ठेवीत. दुसऱ्या दिवशीं खुंटी केसभर चुकली तरी नाद बदले.

१९७८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ या वाद्यानें हा प्रश्न सोडविला. त्याच्या स्मृतींत चाळीस जुळण्या राहत. पण जतनाची सोय आली, तशी जतन न होण्याची व्याधीहि आली. कळ दाबूनहि जुळणी टिकेना, तेव्हां कारण वाद्याच्या पाठीमागें सांपडे. चुकून कांहीं पुसलें जाऊं नये म्हणून तेथें एक कुलूपवजा बटण होतें, आणि तें बंद राहिलेलें असे. शिवाय ही स्मृति एका बॅटरीवर जगत असे. बॅटरी संपली कीं सर्व जुळण्या नाहींशा होत. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्यें तर हें कुलूप वाद्य सुरू करतांच स्वतः लागे. तें दर वेळीं उघडावें लागे.

१९९६ सालीं जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें व्हीएसटी ही योजना आणली, आणि पुढें तिच्या द्वारें वाद्यें संगणकाच्या पोटांत शिरलीं. अशा वाद्याला प्लगिन म्हणतात, आणि त्याच्या जतन केलेल्या जुळणीला प्रीसेट. बॅटरीची चिंता मिटली. कुलूप मात्र उरलें. जुनीं प्लगिनें आपले प्रीसेट बहुधा आपल्याच फोल्डरमध्यें ठेवीत. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा सर्वांसाठीं आली आणि तिनें आज्ञावलींच्या फोल्डरांत लिहिण्यास सामान्यतः मज्जाव केला. कधीं जतन नाकारलें जाई; कधीं संगणक ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या निराळ्या, दडलेल्या जागीं नेऊन ठेवी. वस्तु हरवली नव्हती. ती दुसऱ्या खोलींत होती. ॲपलनेंहि २०११ पासून वापरकर्त्याचें लायब्ररी नांवाचें फोल्डर दृष्टीआड केलें, आणि प्रीसेट बहुधा तेथेंच असतात. मध्यंतरीं, २००८ सालीं, व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीनें प्रीसेटांना ठराविक रूप व ठराविक जागा दिली, त्यामुळें घोटाळा पुष्कळ कमी झाला.

या इतिहासांतच उपायहि आहेत. तिवशाच्या एखाद्या घरीं संगणकावर भजन मुद्रित करणाऱ्या तरुणाचा प्रीसेट टिकेना, तर त्यानें प्रथम प्लगिन कोठें लिहितें तें पहावें. मग त्या फोल्डरांत लिहिण्याची परवानगी आहे कीं नाहीं तें पहावें. कारखान्याकडून आलेल्या प्रीसेटावर पुष्कळ प्लगिनें नवें लिहूं देत नाहींत. तेथें निराळें नांव द्यावें, आणि त्या नांवांत तिरपी रेघ किंवा प्रश्नचिन्ह घालूं नये. गाण्याची फाइल जतन केली म्हणजे प्रीसेट जतन झाला असेंहि नाहीं. ती जुळणी त्या गाण्यापुरतीच राहते, दुसऱ्या गाण्यांत दिसत नाहीं.

याहून मोठा धोका निराळा आहे. प्रीसेट म्हणजे वाद्य नव्हे. एखाद्या वृद्ध भजनकऱ्याच्या खंजिरीचे बोल मुद्रित करून प्लगिनांत घातले, तर प्रीसेटांत पुष्कळदां त्या बोलांचा केवळ पत्ता असतो. मूळ फोल्डर हलविलें कीं पत्ता चुकतो आणि खंजिरी मुकी होते. प्लगिनच बंद पडलें तर प्रीसेट गायकाविना उरलेल्या स्वरलिपीसारखा पडून राहतो. म्हणून प्रीसेटाबरोबर मूळ बोलांची प्रत ठेवावी, आणि पूर्ण झालेलें वादन साध्या ध्वनिफाइलींत स्वतंत्र उतरवून ठेवावें. भजनकरी गेल्यावर त्याची खंजिरी पुन्हां शेकतां येईल. त्याचा हात पुन्हां आणतां येणार नाहीं.