डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ही शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी विज्ञान स्पर्धा असून ती मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ही विज्ञान शिक्षकांची संस्था १९८१ पासून भरवीत आली आहे. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार व मुंबईचे सुपुत्र होमी जहांगीर भाभा (१९०९–१९६६) यांचे नाव स्पर्धेस दिलेले आहे. नावसाधर्म्यामुळे तिची गल्लत अनेकदा होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी होते. मात्र ऑलिंपियाडशी निगडित असलेली ती संस्था वेगळी आहे.

स्वरूप

स्पर्धा इयत्ता सहावी व नववी या दोन गटांत होते. शिष्यवृत्ती आणि शालान्त परीक्षेची वर्षे वगळून ही दोन वर्षे येत असल्याने विद्यार्थ्यांस त्या मानाने उसंत असते. मराठी माध्यमाच्या मुलांना उत्तरे मराठीतून देता येतात.

पहिला टप्पा वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या लेखी परीक्षेचा. हा टप्पा खरे तर चाळणीचा होय. त्यातून निवडलेल्या थोड्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते. तेथे पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. उपकरण हाताळणे, माप अचूक घेणे, निरीक्षण नोंदवून त्यावरून अनुमान काढणे, हे परीक्षकांसमोर स्वतःच्या हाताने करावे लागते. ज्या शाळेतील प्रयोगशाळेचे कपाट वर्षभर कुलूपबंद असते, तेथील हुशार विद्यार्थीही या टप्प्यावर मागे पडतो.

अखेरच्या टप्प्यात मुलाखत व कृतिसंशोधन प्रकल्प असतो. परिसरातील एखादा प्रश्न निवडून त्याची पाहणी करणे, माहिती गोळा करणे, उपाय योजून पाहणे आणि त्याचा अहवाल लिहिणे, असे या प्रकल्पाचे रूप असते. गावातील पाण्याचा किंवा घरातील कचऱ्याचा प्रश्नही त्यासाठी पुरतो. महागड्या प्रतिकृतीची आवश्यकता नसते. यशस्वी विद्यार्थ्यांना सुवर्ण, रौप्य व कांस्य पदके दिली जातात.

शिकवणी वर्गांचा प्रश्न

स्पर्धेचा लौकिक वाढला तसे तिच्यासाठी खासगी शिकवणी वर्ग व मार्गदर्शक पुस्तके निघाली. लेखी परीक्षेची तयारी त्यांतून होऊ शकते. प्रकल्पाच्या बाबतीत मात्र पालक किंवा शिक्षक यांनीच काम पार पाडून विद्यार्थ्यास केवळ सादरीकरण पढवण्याचा धोका संभवतो. मुलाखत येथे उपयोगी पडते: एखादी नोंद चुकली का, वेगळी आली तेव्हा काय केले, असे विचारले की प्रयोग प्रत्यक्ष केलेला विद्यार्थी सहज ओळखू येतो.