कवेलू फेरणारे हात

मागच्या वर्षी अमेरिकेतून भाचीचा फोन आला. ‘मामा, घराचं छप्पर बदलतोय. माणसं वर चढून डांबराच्या पट्ट्या ठोकताहेत.’ तिकडे त्यांना शिंगल म्हणतात. खालच्या कडेपासून सुरुवात करायची, वरची ओळ खालच्या ओळीवर चढवायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही आणि शेवटी आढं झाकायचं. मी म्हटलं, ‘अगं, हे तर आपल्या वलगावचे कवेलूच झाले!’

अमरावतीजवळ, पेढी नदीच्या काठी आमचं वलगाव. माझ्या लहानपणी गावातल्या बहुतेक घरांवर देशी कवेलू होते. गरिबाच्या झोपडीवर गवत आणि पळसाची पानं असत. उन्हाळ्यात एक ठिणगी उडाली, की ओळीनं झोपड्या जळत. म्हणून गवत जाऊन कवेलू येणं हीच मोठी प्रगती होती.

हे कवेलू गावचा कुंभार करी. चाकावर तो निमुळती, पोकळ नळी ओढायचा. ती थोडी सुकली, की लांबीत चिरायची, आव्यात भाजायची आणि तिचे दोन भाग करायचे. एका नळीचे दोन कवेलू. लाकडी वाशांवर बांबूच्या कमच्या, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरायच्या आणि वर कवेलू. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. खिळा नाही, चुना नाही. आपल्याच वजनावर ते बसलेले असत.

त्यामुळेच ते हलतही. वारा, मांजरं आणि वांदरांची टोळी वर्षभर छपरावर धुमाकूळ घालायची. मिरगाआधी सगळे कवेलू उतरवून, फुटके बाजूला काढून पुन्हा बसवावे लागत. याला आमच्याकडे ‘कवेलू फेरणं’ म्हणतात. मे महिना लागला, की आजी विचारायची, ‘मिरुग आला नं बाप्पा, कवेलू फेरले का?’

दुसरे कवेलू ‘इंग्रजी’. नाव इंग्रजी असलं, तरी घराणं वेगळंच. एकमेकांत खाचेनं अडकणारं कौल 1841 मध्ये फ्रान्सच्या अल्सास भागातल्या गिलार्डोनी बंधूंनी काढलं. 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्यानं तसली कौलं पाडायला सुरुवात केली. इकडे 1867 मध्ये आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापूस बाहेर जाऊ लागला आणि बाहेरचा माल आत येऊ लागला. इंग्रजी कवेलू पुढे स्टेशनांवर, बंगल्यांवर आणि सधन वाड्यांवर दिसू लागले. ते सहसा हलत नसत, दरवर्षी फेरावे लागत नसत. पण ते कारखान्यातून यायचे. गावच्या चाकाचा आणि छपराचा संबंध तिथेच सैल झाला.

आमच्या घरावर मात्र देशीच होते. ते फेरायला दरवर्षी एक काका यायचे. अंगानं हलके, कुठल्या वाशावर पाय द्यायचा आणि कुठला टाळायचा, हे त्यांच्या तळव्यांना ठाऊक. मी खालून कवेलू देई, ते वर झेलत. ‘बापू, हळू फेक, तुह्या हातचं फुटलं तं तुहा बाप मले बोलन,’ असं म्हणून हसायचे.

1974 च्या जूनमध्ये कुजलेला वासा मोडला आणि काका अंगणात पडले. कंबर गेली. पुन्हा ते छपरावर चढले नाहीत. बाबांनी त्यांच्या घरी एक पोतं ज्वारी पोचवली. त्या काळी ते रीतीला धरून होतं. आज ते पोतं आठवलं, की मला मान वर करवत नाही.

पुढच्या वर्षी बाबांनी कवेलू उतरवून टिनाची पत्रं टाकली. लोकांना वाटलं, कापसाला भाव आला. खरं कारण घरातच राहिलं. बाबा एवढंच म्हणाले, ‘आता कोणाले वर चढवाचं काम नाही.’

टिनानं वांदरं हरली, गळती थांबली. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला, की घराची भट्टी होई. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची. पातळ पत्रा ऊन सरळ आत पोचवतो. आई दुपारभर कडुनिंबाखाली खाट टाकून बसायची. पण ‘कवेलू बरे होते’ असं ती कधी म्हणाली नाही. काका पडले, तेव्हा पाणी घेऊन पहिली धावली होती तीच.

आमच्या वलगावजवळ, पेढीकाठीच, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगे महाराजांनी देह ठेवला. लोकांसाठी त्यांनी धर्मशाळांची पक्की छपरं उभी केली. स्वतःच्या डोक्यावर मात्र कुंभाराच्या खापराचा तुकडा. हाताच्या कामाची किंमत त्यांच्याइतकी कोणी ओळखली असेल?

आता कवेलूच्या थंडाव्याचं कौतुक सुरू झालं आहे आणि ते खोटं नाही. पण ते करणारे आपण बहुतेक खाली उभे असणारे. छपराचा इतिहास सांगताना वर कोण चढत होतं, हेही सांगावं.

काकांच्या नातवाला घरकुल मिळालं. वर सिमेंटचा स्लॅब आहे. रात्री तो तापलेला राहतो, अशी त्याची तक्रार. मागच्या उन्हाळ्यात आमच्या परसात पडलेले जुने कवेलू त्यानं मागितले आणि स्लॅबवर ओळीनं मांडले. मी खालून एकेक देत होतो. मधेच तो म्हणाला, ‘काका, हळू फेका.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)