इलेक्ट्रॉनच्या शांततेसाठी: क्वांटम डॉट संगणकाचा इतिहास

१/ १९९८ साली डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेंझो या भौतिकशास्त्रज्ञांनी एक प्रस्ताव मांडला. अर्धवाहकाच्या चिपवर सूक्ष्म इलेक्ट्रोडांच्या साहाय्याने एकेक इलेक्ट्रॉन कोंडून ठेवावा आणि त्याच्या स्पिनलाच क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे एकक मानावे. या कोंडीला क्वांटम डॉट म्हणतात. शेजारच्या दोन डॉटांमधला अडसर क्षणभर सैल केला की दोन्ही स्पिन परस्परांवर परिणाम करतात. गणना तिथेच घडते.

२/ आरंभीचे यश गॅलियम आर्सेनाइडने दिले. २००५ मध्ये हार्वर्डच्या गटाने त्यात दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन नियंत्रित केले. २००६ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन हवा तसा फिरवून दाखवला. परंतु ही क्वांटम अवस्था जेमतेम १० नॅनोसेकंदांत विस्कटत असे.

३/ दोष पदार्थाच्या घडणीतच होता. गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या प्रत्येक स्थिर अणुकेंद्रकाला स्वतःचे चुंबकत्व असते. डॉटमधील एका इलेक्ट्रॉनभोवती अशी लक्षावधी केंद्रके सतत गलबला करीत असतात. विशिष्ट स्पंदांनी त्याचा परिणाम काही काळ थोपवता येतो. पण पदार्थ कितीही शुद्ध केला तरी ही केंद्रके त्यातून वगळता येत नाहीत.

४/ सिलिकॉनमध्ये मात्र ती सोय आहे. निसर्गातील ९२ टक्के सिलिकॉन हे सिलिकॉन-२८ असते आणि त्याचे केंद्रक चुंबकत्वहीन असते. उपद्रव सिलिकॉन-२९ या समस्थानिकाचा, सुमारे ४.७ टक्के. तो वेगळा काढण्यासाठी अपकेंद्री यंत्रे कामी आली. शीतयुद्धात हेच तंत्र युरेनियमसाठी विकसित झाले होते.

५/ २०१४ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील गटाने अशा शुद्ध सिलिकॉनमध्ये डॉट घडवला. दहा लाख अणूंमागे सिलिकॉन-२९ चे केवळ ८०० अणू उरले होते. स्पिनची अवस्था १२० मायक्रोसेकंद टिकली: गॅलियम आर्सेनाइडमधल्या त्या १० नॅनोसेकंदांच्या १२,००० पट.

६/ २०२२ मध्ये डेल्फ्ट आणि जपानच्या रिकेन संस्थेतील गटांनी सिलिकॉनमधील दोन क्यूबिटांच्या क्रियेची अचूकता ९९ टक्क्यांपलीकडे नेली. त्रुटी दुरुस्त करीत गणना पुढे नेण्यासाठी साधारण याच उंबरठ्याची गरज सांगितली जाते. तरीही २०२३ मधील इंटेलची चिप १२ क्यूबिटांचीच होती. उपयुक्त यंत्राला लाखो लागतील, असा अंदाज आहे.

७/ १९९८ ची मूळ कल्पना आजही तीच आहे. बदलला तो पदार्थ. संगणकाच्या इतिहासात कल्पना मांडणाऱ्यांची नावे ठळक होतात. समस्थानिक वेगळे करणारे आणि निर्दोष स्फटिक वाढवणारे हात तळटीपेत जातात. या इतिहासाचा निर्णायक टप्पा मात्र त्यांच्याच हातून घडला.