मुचलिंद दिल्लीत राहतो

पवनीचा एक फार जुना रहिवासी आता दिल्लीत, राष्ट्रीय संग्रहालयात असतो. मुचलिंद. इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकात दगडात कोरलेला पाच फण्यांचा नाग. ज्ञानप्राप्तीनंतर वादळी पावसात बुद्धावर फणा धरणारा तो हाच. शिल्पात बुद्ध मात्र नाही. त्या काळी इथे बुद्धाची मूर्ती घडवत नसत. कारागिराने नागच कोरला, वर ब्राह्मीत त्याचं नावही टाकलं. फोटोखाली कॅप्शन द्यावं तसं.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडी खणली, काम शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचं. विटांचा स्तूप निघाला, व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीचा मोठा स्तूप ३६-३७ मीटरचा आहे. हा आकडा भंडाऱ्यातल्या मित्रांना सांगितला की ते आधी हसतात, मग गूगल करतात.

मी बाईकने अड्याळमार्गे गेलो. टेकडीवर उभं राहून मुचलिंदाचा फोटो मोबाईलवर उघडावा लागला. पवनीलाच सापडलेला महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ बघायचा तर तोही नागपूरच्या संग्रहालयात.

दक्षिण आफ्रिकेतही एक दगड असाच घरापासून लांब गेला. ड्रेकन्सबर्ग डोंगरातल्या लिंटन नावाच्या शेतावर सान लोकांनी रंगवलेला खडक होता. १९१७ च्या सुमारास तो छिन्नीने कापून केपटाऊनच्या संग्रहालयात नेला. सान लोकांना तोवर जमिनीवरून हुसकावून, मारून संपवत आणलं होतं; त्यांचं चित्र तेवढं जपलं गेलं. पण २००० साली देशाने नवी राजमुद्रा केली तेव्हा मधली माणसं त्याच खडकावरून घेतली. खाली बोधवाक्य खाम भाषेत, जी आज कोणीच बोलत नाही. उशिरा झालं, तरी त्या चित्रातली माणसं आता तिथल्या नाण्यांवर आहेत, पोरांच्या खिशात आहेत.

मूळ मुचलिंद उघड्या टेकडीवर आणून ठेवा असं मी म्हणणार नाही, उन्हापावसात तो टिकायचा नाही. पण त्याला मी अजून आपल्या जिल्ह्यात एसटीवर, शाळेच्या भिंतीवर, साध्या वहीच्या कव्हरवरही पाहिलेलं नाही. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. पवनीच्या एखाद्या पेंटरला फोटो दाखवला तरी काम होईल.