हेल्मेट घासू नका!

जुना कोड हातात आला की नवशिक्याला पहिली हुक्की येते ती सगळं पुसून नव्याने लिहायची. जुनं जर्मन लष्करी हेल्मेट मिळालेल्या संग्राहकाचंही तेच होतं. गंज घासायचा, रंग मारायचा, चकाचक! पण मंडळी, जरा थांबा. आधी ते वाचा तरी.

जर्मन सैनिक पहिल्या महायुद्धात उतरला तो कडक चामड्याचं टोकदार शिरस्त्राण घालून. तोफगोळ्यांच्या किरचांपुढे ते काय टिकणार? मग १९१६ मध्ये हॅनोव्हरच्या फ्रीडरिश श्वेर्ड यांचं पोलादी हेल्मेट आलं. १९३५ मध्ये त्याची लहान, हलकी आवृत्ती निघाली. हिच्यात हवेच्या भोकांना वेगळी रिंग बसवायचे. १९४० च्या मॉडेलमध्ये ती गेली, भोकाची कड थेट पत्र्यातच ठोकली. १९४२ मध्ये तर हेल्मेटची कड आत दुमडणंही बंद झालं. युद्ध लांबलं होतं, कारखान्यांना वेळ वाचवायचा होता. म्हणजे नुसती कड बघूनही युद्ध कुठवर आलं होतं ते कळतं!

आता पारख. आतल्या बाजूला ठसा शोधा. 'ईटी ६४' म्हणजे थाले गावचा कारखाना, साईझ ६४. मग बाहेरचं चिन्ह बघा. लष्कराच्या हेल्मेटवरची काळी-पांढरी-लाल ढाल १९४० मध्ये काढायचा हुकूम निघाला होता. तीच ढाल १९४२ च्या मॉडेलवर झळकत असेल तर संशय घ्यायलाच हवा. पण कोणी आधीच घासून रंगवलं असेल, तर हा सगळा पुरावा गेला. रोलबॅक नाही!

म्हणून दुरुस्ती अगदी कमी करायची. मऊ ब्रशने धूळ काढा, पॉलिश पेपर लांब ठेवा, आतल्या चामड्याला तेल चोपडू नका. दमट हवा लागू नये म्हणून पत्र्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर दिला की पुरे. नवं चिन्ह तर अजिबात चिकटवायचं नाही. गरुड-स्वस्तिक नव्याने डकवणं ही दुरुस्ती नव्हे, बनावट आहे.

१९४५ नंतर जर्मनीत भांड्यांची टंचाई होती. तेव्हा कित्येक हेल्मेटांना भोकं पाडून स्वयंपाकघरातल्या चाळण्या केल्या गेल्या. अशी चाळणी हाती आली तर तुम्ही भोकं बुजवून पुन्हा हेल्मेट कराल? मी तरी नाही करणार. हरलेल्या देशातल्या कुणीतरी त्यात भाजी निथळली, हाही त्या पत्र्याचा इतिहासच. आणि मला विचाराल, तर त्यातला सगळ्यात बरा भाग.