चौकटीतला शेंदूर

केनवडच्या आमच्या जुन्या घरातील माजघराची सागवानी चौकट गेल्या उन्हाळ्यात पुन्हा रंगवावयास काढली, आणि रंगाऱ्याने पत्रीच्या टोकाने पहिली खपली उडविली तेव्हा ती मी तळहातावर घेऊन उजेडात धरली. वर अलीकडचा तपकिरी तैलरंग, त्याखाली हिरवा, हिरव्याखाली दाट पांढरा, आणि अगदी लाकडाला बिलगलेला एक फिकट गुलाबी पापुद्रा. त्या गुलाबी रंगाचे कारण विचारले, तेव्हा रंगारी सहज म्हणाला, “जुने लोक सफेद्यात शेंदूर कालवून अस्तर मारत, काका.” गावोगावच्या मारुतीच्या अंगावरचा तो शेंदूर आमच्या दाराच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या दडून बसला होता, हे ऐकून मी काम तिथेच थांबविले आणि त्या गुलाबी पापुद्र्याचे कूळ शोधू लागलो.

शेंदूर म्हणजे हवेत दीर्घकाळ भाजलेले शिसे. अमरकोशाने त्याला ‘नागसंभव’ म्हटले आहे, कारण रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे. ‘सिंदूर’ हा शब्द वैयाकरण ‘स्यन्द्’, म्हणजे वाहणे, या धातूपासून साधतात. कोणी त्याचे नाते सिंधू नदीशी लावतात. आणि संस्कृतातच शेंदराला ‘चीनपिष्ट’ असेही नाव असल्यामुळे वस्तू व नाव दोन्ही चीनकडची, असे म्हणावयास जागा राहते. मला वैयाकरणांचा पक्ष ग्राह्य वाटतो. ‘चीनपिष्ट’ हे नाव मालाची पेठ सांगते, कूळ सांगत नाही. उलट सव्वातीनशे अंशांच्या सुमारास वितळून पाण्यासारखे पसरणारे शिसे ज्याने मुशीत एकदा पाहिले, त्याला वाहण्याखेरीज दुसरी क्रिया सुचणे कठीण.

परंतु खरी कैफियत आहे ती ‘मुरदाडशिंग’ या शब्दाची. शिसे भाजताना शेंदूर होण्याच्या अलीकडच्या पायरीवर जी पिवळसर राख बनते, ती हे मुरदाडशिंग. जवसाच्या तेलात ते घालून कढविले की तेल लवकर वाळते, म्हणून रंगाऱ्याच्या सामानात त्याला मान होता. रसरत्नसमुच्चयात साधारण रसांच्या यादीत ‘मृद्दारशृंग’ येते, आणि शब्द मुळात संस्कृत आहे असे मानणाऱ्यांचा सर्वांत बळकट पुरावा हा, की त्या ग्रंथाने त्याचे ठिकाण अर्बुदगिरीजवळ, म्हणजे अबूच्या परिसरात सांगितले आहे. पुरावा वजनदार आहे, हे मी कबूल करतो. तथापि खाण अबूची असली म्हणून नाव अबूचेच असले पाहिजे असे नाही. ‘मृद्दारशृंग’ या समासाचा अर्थ लावू गेल्यास मातीला फाडणारे शिंग असे काहीतरी निघते, आणि त्या पिवळ्या राखेशी त्याचा मेळ बसत नाही. फारसी ‘मुर्दारसंग’ मात्र सरळ बोलते: मुर्दार म्हणजे मृत, अपवित्र, आणि संग म्हणजे दगड. संगमरवरातला ‘संग’ आपण शाबूत ठेवला, पण इथे तो मराठी कानाला शिंगासारखा वाटला. पंडितांनी यावनी शब्दाला संस्कृत वस्त्र नेसविले, असाच माझा निवाडा आहे.

सफेदाही फारसीच. शिशाच्या पत्र्यांना सिरक्याची वाफ देऊन तो करण्याची रीत ग्रीकांनाही ठाऊक होती.

आता माझ्या मनात घर करून बसलेला दुवा सांगतो. गवयाच्या वैऱ्याने विड्यातून शेंदूर खाऊ घातला आणि त्याचा आवाज कायमचा गेला, ही गोष्ट कोणी ऐकली नाही? मत्सराची ती कल्पित कथा आहे असे पुष्कळ शहाणे म्हणतील. पण शिशाच्या भट्ट्यांजवळच्या कुरणात चरणाऱ्या घोड्यांच्या कंठाच्या नसा लुळ्या पडून त्यांचा श्वास घरघरू लागतो, हे पशुवैद्यांनी नोंदविले आहे. आणि सफेद्यात आयुष्य घालविलेल्या रंगाऱ्यांची मनगटे लोंबकळतात, ही तर वैद्यकातली जुनी गोष्ट. नस कंठाची असो की मनगटाची, घाव शिशाचाच. म्हणून माझे मत असे, की शेंदूर या शब्दाबरोबर आपल्या घरात एक ताकीदही नांदत होती. सफेदा मात्र परभाषेतून नुसता माल म्हणून आला आणि ताकीद मागेच राहिली. शेंदूर तोंडात घालणाऱ्या मुलाला आजी धपाटा देई. पण खिडकीची चौकट चाटणाऱ्या मुलाला कोणी हटकीत नसे. शिशाच्या रंगाची धूळ मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते, हे तिला कोण सांगणार?

चौकटीचे पुढे काय केले, तेही सांगतो. खपली प्रयोगशाळेत दिली आणि शिसे निघाले. जिथे रंग घट्ट होता तिथे तो खरवडलाच नाही; ओल्या फडक्याने धुऊन, ओला वॉटरपेपर हलक्या हाताने फिरवून, त्यावरच नवा बिनशिशाचा रंग चढविला. बिजागरीजवळ आणि कवाड घासते तिथे पापुद्रे सुटले होते. तेवढेच पाण्याने भिजवून, खाली प्लास्टिक अंथरून, तोंडाला बारीक धूळ अडविणारा चांगला मास्क बांधून काढले. कोरडे घासणे नाही, ज्योतीने जाळणे नाही, झाडू नाही. ओल्या फडक्यानेच टिपणे. मुले व घरातील गरोदर सून यांना आठ दिवस दुसऱ्या घरी ठेवले. रंगाऱ्याचे कपडे वेगळे धुतले, आणि तो हात धुतल्याविना भाकरीला शिवला नाही. खपल्या पिशवीत बांधून ठेवल्या, उकिरड्यावर टाकल्या नाहीत.

पांढऱ्या शिशाच्या रंगाला आवर घालणारा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात 1921 साली झाला. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तेव्हा त्याआधी रंगविलेले एकही जुने कवाड तपासल्यावाचून घासू नका, आणि रंगीत लाकूड चुलीत किंवा बंबात कधीही घालू नका.